मेडलच्या जागी सीबीसीचा रिपोर्ट

"पुढच्या वर्षी आहेच की."

हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरच्यानं "पुढच्या" म्हटलं की उरलेलं मीच पूर्ण करते. दूधवाले दादा, आमच्या पतसंस्थेतले साहेब, लेकीच्या शाळेतल्या बाई, कुणी म्हणून सोडलं नाही. मनापासून म्हणतात सगळे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढच्या वर्षी लेक दहावीला असणारे. मिस्टरांना कंपनी शिरवळवरून कुठं टाकेल याचा भरवसा नाही. मी बेचाळीसची त्रेचाळीस होईन आणि उजवा गुडघा आत्ताच जिना उतरताना कुरकुरतो. रेस असेल हो पुढच्या वर्षी, ती कुठं जातीय, पण मी कुठं आणि कशी असेन ते त्या वाक्यात कुठंच येत नाही.

तर यंदाची सातारा हिल हाफ मॅरेथॉन माझी हुकली. डेंग्यू झाला. एवढंच कारण आहे, यात काही थरारक नाही.

बाहेरगावच्यांसाठी थोडं सांगते. २०१२ पासून ही रेस होते, अंतर २१ किलोमीटर आणि आणखी जवळजवळ शंभर मीटर. गावातनं निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला वर वळसा मारायचा आणि आलो तसं खाली. म्हणजे निम्मी रेस चढ आणि निम्मी उतार, आणि ज्याला वाटतं उतार सोपा असतो त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी संडासात बसून दाखवावं. पावसाळा संपत आलेला असतो त्यामुळं घाटात ढग उतरलेले, मधेच भुरभुर, आणि खाली गावात रस्त्याच्या कडेला शाळेची पोरं, ढोल-ताशे, गॅलरीत उभ्या राहून टाळ्या वाजवणाऱ्या आज्या. मी कितीतरी वर्षं त्या टाळ्या वाजवणाऱ्यांच्यात होते. पळणाऱ्यांच्यात जायचं हे फेब्रुवारीत ठरवलं.

सुरुवात शाहू स्टेडियमला. तिथं पहाटे सगळं साताऱ्याचं शुगर-बीपी फिरायला येतं, त्यांच्यातनं वाट काढत एक राउंड पळायचा आणि एक चालायचा. पहिले काही आठवडे तर ट्रॅकसूट घातलेल्या एक आजी मला चालत मागं टाकायच्या, खोटं नाही सांगत. मग हळूहळू ग्रुप मिळाला, लाँग रन, टेम्पो, हिल रिपीट असले शब्द तोंडात बसले, चार भिंतीच्या टेकडीचा चढ थांबत थांबत का होईना पण व्हायला लागला. मे महिन्यात दहा किलोमीटर न थांबता पळाले त्या दिवशी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते फक्त. जूनला पाऊस सुरू झाला आणि बूट वाळवणं हा घरातला नवीन प्रश्न झाला, बुटात पेपर कोंबून फ्रीजच्या मागं ठेवायचे आणि सकाळपर्यंत अख्ख्या स्वयंपाकघराला तो वास. यवतेश्वरच्या घाटात माकडं आपल्याला ओळखायला लागली की समजायचं ट्रेनिंग नीट चाललंय.

हे मी पळत होते म्हणजे एकटी पळत नव्हते, हे ज्या बायका पळतात त्यांना वेगळं सांगायला नको. साडेचारला उठायचं तर रात्री कणीक मळून ठेवायची, भाजी चिरून डब्यात. लेकीचा डबा आणि मिस्टरांची कंपनीची गाडी हे दोन्ही माझ्या परत येण्याच्या आत, म्हणजे पोळ्या आत्यांकडे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वय सत्तरीच्या पुढं, माहेर माण तालुक्यातलं. पहिल्यांदा बूट घालून दारात उभी राहिले तेव्हा म्हणाल्या, "एवढं पळायचं म्हंजे कोण माग लागलंय काय तुझ्या?" पण माणातल्या असल्यामुळं एक सोय झाली. ललिता बाबर त्यांच्याच तालुक्यातल्या मोहीची. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमधे ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांवरनं उड्या मारत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला ती पळाली, दहावी आली, पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरच्या फायनलमधे गेलेली भारतातली पहिली बाई. ती फायनल १५ ऑगस्टला होती आणि आत्यांनी ती टीव्हीसमोर अक्षरशः उभं राहून बघितलेली. त्यामुळं "आमच्या माणातली पोरगी पळती, तर तू बी पळ" इथपर्यंत त्या स्वतःहून आल्या. ललिता बाबर आणि मी यांच्यात काय फरक आहे हे मी त्यांना समजावत बसले नाही.

संध्याकाळी पतसंस्थेत पिग्मी एजंट हिशोब द्यायला यायचे तेव्हा माझे डोळे मिटायला लागायचे. बेरीज तीनतीनदा करायची. पण लागली होती सवय, आणि तारीख डोळ्यासमोर होती.

आता ताप. रेसच्या आधी दोन आठवडे पळणं कमी करत आणायचं असतं, त्याला टेपर म्हणतात, आणि या काळात प्रत्येक रनरला काही ना काही दुखायला लागतं असं ग्रुपमधे सगळे सांगतात. त्यामुळं गुरुवारी अंग मोडून आलं, डोळ्यांच्या मागं ठणकायला लागलं तेव्हा मला वाटलं हेच ते. रात्री १०३ ताप. शुक्रवारी रक्त दिलं, एनएस वन पॉझिटिव्ह. ही टेस्ट तापाच्या पहिल्या काही दिवसांतच डेंग्यू पकडते. रेस त्याच्या पुढच्या रविवारी.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "गुडघ्यासाठी पेनकिलर घेतलीय का?" रनर आहे हे त्यांना माहीत होतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यातलं काही डेंग्यूत चालत नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो, ताप आणि दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल. हे मला माहीत नव्हतं आणि आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांच्या पाऊचमधे त्या गोळ्या कायम असतात, म्हणून इथं लिहून ठेवतेय. पावसाळ्यात ताप आला की स्वतःच्या मनानं पेनकिलर नाही म्हणजे नाही.

पुढचे दिवस म्हणजे रोज सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, आणि रोज नातेवाईक. नॉर्मल प्लेटलेट दीड लाख ते साडेचार लाख, माझे नव्वद हजार, मग एकसष्ट, मग बावन्न. नणंदबाईंनी कोरेगावहून पपईची पानं पाठवली, जाऊबाईंनी किवी, शेजारच्या काकूंनी कुठनं तरी शेळीचं दूध पैदा केलं. पपईच्या पानांचा रस एकदा प्यायले, तो जसा गेला तसाच बाहेर आला, मग बंद. डॉक्टर म्हणाले आकड्याकडं बघत बसू नका, रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा प्लेटलेट चढवत नाहीत, तुम्ही पाणी, ओआरएस, ताक, नारळपाणी किती पिता आणि लघवीला किती वेळा जाता ते मला सांगा. आणि दुसरी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, की ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजायचं नाही. ताप उतरतो तेव्हाचे २४ ते ४८ तासच जास्त सांभाळायचे, तेव्हाच रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांच्या बाहेर झिरपायला लागतं. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यातनं रक्त आलं तर रात्र असली तरी यायचं.

माझा ताप मंगळवारी रात्री उतरला.

आणि खरा त्रास तिथनं सुरू झाला. तापात असताना रेसबिस काही सुचत नव्हतं. पण गुरुवार-शुक्रवारी अंगात ताप नाही, भूक लागतीय, आणि रविवार समोर. डोक्यात हिशोब चालू झाला. पळायचं नाही, चालायचं फक्त. चढ चालत, उतार चालत. रेस संपवायच्या कट-ऑफ वेळेच्या बाहेर गेलं तरी चालेल. निदान स्टार्ट लाइनला उभं राहू, घाटाच्या पायथ्याला सोडून देऊ. हे सगळं मी कुणाला बोलले नाही, फक्त शुक्रवारी दुपारी घरातले झोपल्यावर एकदा जिना खाली जाऊन वर आले. दोन मजले. घड्याळात पल्स १४६ आणि डोळ्यापुढं काळे ठिपके. पायरीवर बसून राहिले. नंतर डॉक्टरांना फोनवर विचारलंच तरी, "सर, नुसतं चाललं तर?" ते हसले नाहीत, त्याचं बरं वाटलं. म्हणाले, "वहिनी, व्हायरलनंतर कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज असते, आणि ती बाहेरून कळत नाही. तुमचा घाट कुठं पळून जात नाही."

शनिवारी मिस्टर रेसच्या एक्स्पोला जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आणि टीशर्ट घेऊन आले, मी नको म्हणत असताना. त्यांना वाटलं बघून बरं वाटेल. त्यांचं काही चुकलं नाही पण मला ती पिशवी बघून जे रडू आलं ते थांबेना. लेक घाबरली, तिला वाटलं परत ताप चढला.

त्याच संध्याकाळी एकाचा मेसेज, तुमचा बिब वाया जाण्यापेक्षा माझ्या मेव्हण्याला द्या ना. नाही दिला. वाईटपणा घेतला. बिब दुसऱ्याला देणं बहुतेक सगळ्या रेसमधे चालत नाही आणि त्याला कारण आहे, त्या नंबरवर माझं नाव, माझा ब्लड ग्रुप, माझ्या घरचा फोन. तो मेव्हणा घाटात चक्कर येऊन पडला तर फोन माझ्या मिस्टरांना येणार आणि डॉक्टर माझा रक्तगट धरून चालणार. शिवाय तो गडी महिलांच्या गटात नंबर काढून बसला तर आणखी तमाशा.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. रेस हुकली की लोक दोन सल्ले देतात. एक, जाऊन चिअर कर, व्हॉलंटियर हो, पाणी वाट, मन रमेल. दोन, यातनं शिकायला मिळतं. पहिला सल्ला ज्यांना जमतो त्यांना माझा नमस्कार. मला जमला नाही, आणि मी जमवायचा प्रयत्नही केला नाही. आमचं घर रूटपासून लांब नाही, ढोल ऐकू येतात. मी खिडकी लावली, पंखा पाचवर ठेवला आणि साडेआठपर्यंत झोपले. उठल्यावर अंघोळ केली, आत्यांनी केलेली मऊ खिचडी खाल्ली आणि लेकीबरोबर एक अतिशय भिकार सिनेमा शेवटपर्यंत बघितला. ग्रुप म्यूट. स्ट्राव्हा हे पळण्याची नोंद ठेवायचं ॲप फोनवरनं काढून टाकलं. बुधवारी परत आत गेले तर साडेचारशे मेसेज आणि त्यात माझ्याच बरोबर ट्रेनिंग सुरू केलेल्या एका मैत्रिणीचा मेडल दातात धरलेला फोटो. जिला घाटात चढाला छोटी पावलं टाक हे मी सांगितलेलं, ती. मला तिचा राग आला. खरंच आला, पोटातनं. दोन दिवस तिला काही लिहिलं नाही, तिसऱ्या दिवशी राग जरा बसला तेव्हा फोन केला आणि मग मात्र तासभर बोललो, तिला कुठल्या वळणावर रडू आलं, पाण्याच्या कुठल्या टेबलावर थांबली, सगळं तिखटमीठ लावून. रेसच्या दिवशीच फोन केला असता तर तो नुसता दात काढून केला असता.

दुसरा सल्ला, शिकण्याचा, त्याचं काय करायचं मला कळत नाही. डासानं काय शिकवलं? एडिस डास दिवसा चावतो, पहाटे उजाडताना आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त, म्हणजे बरोबर आमच्या पळायच्या टायमाला, आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणून आठवड्यातनं एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळायचा, हे शिकवलं. टेरेसवरचं जुनं टायर काढलं. बाकी काही नाही. कुणीतरी स्टीपलचेसवाल्या अविनाश साबळेचं उदाहरण दिलं, त्याचं २०२५ च्या जुलैमधे मोनॅकोत गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं आणि टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली, त्यानं काय करायचं मग? बरोबर आहे, त्याचं दुःख माझ्यापेक्षा शंभर पट. पण त्याचं दुःख पेपरात येतं, त्याला कुणी विचारत नाही की एवढं कशाला मनाला लावून घेतोस. पतसंस्थेतल्या बाईची रेस हुकली तर तिला वाईट वाटायला जागाच नसते, कारण कुणी मेलेलं नाही, नोकरी गेलेली नाही, पैसे बुडाले ते पण फीपुरते. दोन दिवसांनी तोंड नेहमीसारखं नाही केलं की लोकांना तुमचंच काहीतरी चुकतंय असं वाटतं.

मला नक्की कशाचं वाईट वाटतंय हे शोधायला मलाच वेळ लागला. मेडलचं नव्हतं. म्हणजे होतं, पण मला घालून मिरवायला नको होतं. मला ते घरात दाखवायला हवं होतं. इतके महिने मी घरातल्यांच्या सकाळी घेतल्या, आत्यांना पोळ्या लाटायला लावल्या, मिस्टरांना रविवारी चहा स्वतः करायला लावला, लेकीच्या पेपरच्या आदल्या दिवशी पण नऊला झोपले, आणि त्या सगळ्याची पावती म्हणून ते मेडल मला टीव्हीच्या वर टांगायचं होतं. पावतीच नाही तर आता पहाटे कुठल्या तोंडानं उठायचं? रेस होती तोवर "रेस आहे" म्हटलं की पुरायचं. आता काय म्हणायचं?

हे डोक्यात घोळत होतं, आणि एका सकाळी आत्या चहा देताना सहज म्हणाल्या, "बरं वाटतंय नव्हं? मग कधी जायला लागणार?"

म्हटलं, "आता कशाला आत्या, रेस तर झाली."

त्यावर त्या जरा गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "न्हाई, म्हंजे, तू गेलीस की मला रेडिओ मोठ्यानं लावता येतो. तू घरात असलीस की लेकरू झोपलंय, बारीक करा, बारीक करा करतीस. अन् पोळ्या मला माझ्या हिशोबानं करता येत्यात. तुझ्या लई जाड होत्यात."

मी बघतच बसले. मी तिकडं घाटात अपराधी वाटून घेत पाय ओढत होते आणि इकडं ही बाई माझ्या स्वयंपाकघरात भक्तिगीतं मोठ्यानं लावून, पातळ पोळ्या लाटत, मजेत होती! मिस्टरांना विचारलं तर ते म्हणे, रविवारी मी केलेला चहा चांगला होतो हे कुणी मान्यच करत नाही. लेकीला विचारलंच नाही, अजून काय काय ऐकावं लागलं असतं कोण जाणे. आणि टीशर्टचं म्हणाल तर आमच्या ग्रुपमधे कडक मत आहे की रेस पळला नाही तर तिचा टीशर्ट घालायचा नाही. मी कपाटात तळाशी ठेवलेला. लेकीनं तो काढून कबड्डीच्या सरावाला नेला आणि पहिल्याच दिवशी कोपरात फाडून आणला. प्रश्न मिटला.

परत सुरुवात केलीय, पण डॉक्टरांनी सांगितलंय तशीच. प्लेटलेट नॉर्मलला आल्यावर आधी नुसतं चालणं, मग पाच मिनिटं चालायचं एक मिनिट पळायचं. डेंग्यूनंतरचा थकवा कितीतरी आठवडे राहतो हे ऐकलं होतं पण तो असा असतो हे माहीत नव्हतं, सकाळी बरं वाटतं आणि दुपारी चारला कुणीतरी प्लग काढतं. केस पण गळतायत मुठीनं, ते पण होतं म्हणे नंतर काही दिवस. फिटनेस किती गेला याची ज्यांना काळजी आहे त्यांच्यासाठी, १९८४ चा एक जुना अभ्यास आहे, एडवर्ड कोइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. चांगल्या तयारीच्या खेळाडूंनी ट्रेनिंग पूर्ण थांबवलं तर व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, पहिल्या तीनेक आठवड्यांत ७ टक्के उतरला आणि १२ आठवड्यांत १६ टक्के. म्हणजे सगळं वाहून जात नाही. अर्थात ते खेळाडू आजारी नव्हते, नुसते थांबले होते, त्यामुळं माझा आकडा वेगळा असणार, आणि मी काही तेवढ्या तयारीची कधीच नव्हते. पण रात्री झोप येत नव्हती तेव्हा १६ हा आकडा बरा वाटला.

जानेवारीत कुठंतरी दहा किलोमीटर पळावं असं मनात आहे. नाव नोंदवलेलं नाही, घरात सांगितलेलं नाही, तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय. आधी पंधरा दिवस सलग पळून दुपारी चारला प्लग निघत नाही ना ते बघायचं.

या रविवारी आजारानंतर पहिल्यांदा घाटात जाणारे. पहिल्या मोठ्या वळणापर्यंत, तेही चालत, आणि परत. कुणाला यायचं असेल तर साडेपाचला समर्थ मंदिरापाशी या, फुल बाह्यांचा शर्ट घालून आणि डासांचं क्रीम लावून. पेस विचारू नका.